शिक्क्याची परीक्षा कोणी करावयाची?

१ जुलै २०२४ रोजी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ देशभर अंमलात आला आणि १८७२ सालचा पुरावा कायदा इतिहासजमा झाला. वसाहतकालीन जोखड झुगारून दिल्याचा मोठा डांगोरा त्या वेळी पिटण्यात आला. संसदेत हे विधेयक डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाले, तेव्हा विरोधी पक्षांचे शंभराहून अधिक खासदार निलंबित होते. अशा सभागृहात कलमवार चर्चा कितपत होणार, हे सांगावयास नको. मात्र चर्चा न होण्याची किंमत कोठे मोजावी लागते हे पाहावयाचे असेल, तर अधिनियमाच्या शेवटी जोडलेले परिशिष्ट उघडावे. कलम ६३ च्या पोटकलम (४) प्रमाणे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना जे प्रमाणपत्र जोडावयाचे, त्याचा नमुना तेथे छापलेला आहे. त्या नमुन्यात पुराव्याचे 'हॅश मूल्य' लिहावयाचे आणि ते कोणत्या पद्धतीने काढले, त्या चौकटीत खूण करावयाची. चौकटी चार आहेत: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ आणि अन्य.

या चारांपैकी एमडी-५ ही पद्धत ऑगस्ट २००४ मध्ये मोडली. एसएचए-१ ही पद्धत फेब्रुवारी २०१७ मध्ये मोडली. म्हणजे कायदा झाला तेव्हा पहिली मोडून १९ वर्षे आणि दुसरी मोडून ६ वर्षे उलटली होती. बाद झालेल्या मापांना सरकारनेच पुन्हा छाप मारून बाजारात आणावे, तसा हा प्रकार आहे. दुकानदाराच्या तागडीतील माप खोटे निघाले तर वैधमापनशास्त्राचा निरीक्षक ते जप्त करतो. येथे माणसाचे स्वातंत्र्य ज्या तागडीत तोलले जाणार, तिची मापे खोटी आहेत आणि ती अधिकृत आहेत.

ही बाब यंत्रशास्त्राची आहे, तज्ज्ञांनी पाहावी, असे म्हणून राजकीय कार्यकर्त्याने तिच्याकडे पाठ फिरविणे परवडणारे नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, वस्तू व सेवा कराच्या ई-बीजकावरील ६४ अक्षरी नोंदणी क्रमांक आणि पोलिसांनी जप्त केलेल्या भ्रमणध्वनीची प्रत, या तिन्हींच्या मुळाशी हेच हॅश मूल्य आहे. ज्या गोष्टीवर शेतकऱ्याची जमीन, व्यापाऱ्याची पावती आणि आरोपीची सुटका अवलंबून आहे, ती राजकारणाबाहेरची कशी म्हणावयाची?

मुळात ही गोष्ट समजावयास अवघड नाही. हॅश फंक्शन म्हणजे कोणत्याही लांबीच्या मजकुरापासून ठराविक लांबीचा आकडा काढून देणारी गणिती रीत. एका ओळीची चिठ्ठी असो की दहा हजार पानांची फाईल, एमडी-५ तिच्यापासून १२८ बिटांचा, एसएचए-१ ही १६० बिटांचा आणि एसएचए-२५६ ही २५६ बिटांचा आकडा काढते. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी आकडा पूर्णपणे बदलतो. म्हणून या आकड्यास मजकुराचा ठसा म्हणता येईल. निरक्षर माणसाचा अंगठा जसा त्याचाच असतो, तसा हा ठसा त्याच मजकुराचा असे मानले जाते आणि डिजिटल स्वाक्षरीही प्रत्यक्षात संपूर्ण मजकुरावर होत नसून या ठशावर होते.

परंतु मजकूर अमर्याद आणि ठसे मर्यादित असल्यामुळे दोन वेगवेगळ्या मजकुरांचा ठसा कोठे ना कोठे एकच असणार, हे साध्या हिशेबाने सिद्ध आहे. याला टक्कर म्हणतात. तेव्हा टक्कर अस्तित्वात आहे की नाही, हा प्रश्नच नव्हे. ती कोणाला शोधून काढता येते की नाही, एवढाच प्रश्न आहे. ती शोधणे व्यवहारात अशक्य असणे, या गुणाला टक्कररोध म्हणावयाचे. सर्व इमारत या एका गुणावर उभी आहे.

हा गुण किती असावयास हवा, हे मोजण्याचे एक गणित आहे. एका खोलीत २३ माणसे असली तर त्यांतील कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. ऐकणाऱ्यास हे खरे वाटत नाही, पण २३ माणसांच्या जोड्या २५३ होतात हे ध्यानात घेतले म्हणजे उलगडा होतो. याच न्यायाने १२८ बिटांच्या ठशात टक्कर शोधावयास २ च्या १२८ व्या घाताइतके प्रयत्न लागत नाहीत. २ चा ६४ वा घात पुरतो. १६० बिटांस ८० वा घात आणि २५६ बिटांस १२८ वा घात. ही कमाल मर्यादा झाली. रीतीच्या रचनेतच दोष असेल तर टक्कर याहून कितीतरी स्वस्तात मिळते. हा दोष शोधणे म्हणजेच टक्कररोधाची परीक्षा.

सरकारी कचेऱ्यांतून आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून जी 'चाचणी' सांगितली जाते, तिची लबाडी येथेच उघडी पडते. आमच्या प्रणालीने कोट्यवधी फाईलींचे ठसे काढले, एकदाही टक्कर आढळली नाही, असे अभिमानाने सांगण्यात येते. या विधानाचे मोल शून्य आहे. समजा, कोणी एक लाख कोटी फाईली घेतल्या आणि प्रत्येकीचा एमडी-५ ठसा काढला. तरीही त्यांत सहजगत्या टक्कर आढळण्याची शक्यता इतकी नगण्य आहे, की ती विचारात घेण्याचे कारण नाही. म्हणजे जी पद्धत २००४ मध्ये मोडली आणि जिच्यात आज साध्या संगणकावर काही सेकंदांत टक्कर घडविता येते, ती पद्धतदेखील या परीक्षेत शंभर टक्के गुण मिळवून उत्तीर्ण होईल! चोराची वाट न पाहता कुलपावरून फक्त वारा वाहू द्यावयाचा आणि कुलूप उघडले नाही म्हणून ते मजबूत ठरवावयाचे, अशी ही परीक्षा आहे.

खरी परीक्षा वेगळी असते. रीत एकाच घावात काम करीत नाही, पायरीपायरीने मजकूर ढवळते. एमडी-५ मध्ये अशा ६४ पायऱ्या आहेत, एसएचए-१ मध्ये ८० आणि एसएचए-२५६ मध्ये ६४. परीक्षक जवळपास सारखे असे दोन मजकूर घेतो. त्यांतील अल्पसा फरक प्रत्येक पायरीवर कसा पसरतो याचा माग काढतो आणि शेवटी तो फरक नाहीसा होऊन दोन्ही ठसे एक व्हावेत अशी वाट शोधतो. आधी थोड्या पायऱ्यांच्या कापलेल्या रीतीवर हल्ला होतो, मग अधिक पायऱ्यांवर. किती पायऱ्या पडल्या आणि किती शिल्लक आहेत, यावरून भिंतीची उरलेली जाडी कळते. हे काम बुद्धीचे आणि चिकाटीचे आहे. ते वर्षानुवर्षे चालते आणि त्यात अपयश आले तरी तेही ज्ञानच असते.

या परीक्षेचा इतिहास पाहिला म्हणजे इशारा देणारे कोण आणि तो न ऐकणारे कोण, हे स्पष्ट होते. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये एमडी-५ रचली. १९९३ मध्येच डेन बूर आणि बोसेलार्स यांनी तिच्या गाभ्यातील एक उणीव दाखविली. १९९४ मध्ये व्हॅन ओरस्कॉट आणि वीनर यांनी हिशेब मांडला, की सुमारे १ कोटी डॉलर खर्चून बांधलेले खास यंत्र २४ दिवसांत टक्कर शोधील. १९९६ मध्ये जर्मनीचे हान्स डोबर्टिन यांनी गाभ्यातच टक्कर घडवून दाखविली आणि स्वाक्षरीसारख्या कामासाठी एमडी-५ यापुढे वापरू नये असे सुचविले. उद्योगजगताचे उत्तर ठरलेले होते: हा दोष तात्त्विक आहे, व्यावहारिक नव्हे. ऑगस्ट २००४ मध्ये चीनच्या शानतुंग विद्यापीठातील गणितज्ञ वांग श्याओयुन आणि त्यांचे सहकारी यांनी सांता बार्बारा येथील परिषदेत एमडी-५ च्या प्रत्यक्ष टकरी जगापुढे ठेवल्या. टक्कर शोधावयास एका मोठ्या संगणकावर तासभर लागला होता. तरीही 'तात्त्विक' हा शब्द गेला नाही.

मग ३० डिसेंबर २००८ रोजी बर्लिन येथे काही संशोधकांनी दाखवून दिले, की मुलांच्या खेळासाठी विकल्या जाणाऱ्या सुमारे २०० प्लेस्टेशन-३ यंत्रांच्या जोरावर एमडी-५ ची टक्कर घडवून, कोणत्याही संकेतस्थळाच्या खरेपणाची खोटी ग्वाही देऊ शकेल असे प्रमाणपत्र तयार करता येते. एमडी-५ वापरून प्रमाणपत्रे विकणारा धंदा तोवर चालूच होता. या प्रयोगानंतर तो घाईघाईने थांबला. पण सर्वत्र नव्हे. मे २०१२ मध्ये पश्चिम आशियातील, मुख्यत्वे इराणमधील, संगणकांत 'फ्लेम' नावाची हेरगिरीची प्रणाली सापडली. मायक्रोसॉफ्टच्या एका परवाना-सेवेत शिल्लक राहिलेल्या एमडी-५ चा लाभ घेऊन तिने त्या कंपनीचीच स्वाक्षरी बनावट केली होती. अॅमस्टरडॅमचे मार्क स्टीव्हन्स यांनी तिची तपासणी केली, तेव्हा तिच्यात वापरलेली टक्कर घडविण्याची रीत प्रकाशित संशोधनात कोठेच नव्हती असे आढळले. याचा अर्थ गंभीर आहे. उघड परीक्षक जेथवर पोहोचले होते, तेथे कोणी तरी गुप्तपणे, स्वतंत्र वाटेने आधीच पोहोचले होते. १९९६ चा इशारा आणि २०१२ ची हेरगिरी यांत १६ वर्षांचे अंतर आहे. एवढा काळ ज्यांनी 'तात्त्विक' या शब्दाआड घालविला, त्यांच्यापैकी कोणाला त्याची किंमत मोजावी लागली?

एसएचए-१ ची कहाणी निराळी नाही. तिची पूर्वज पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने १९९३ मध्ये दिली आणि लवकरच मागे घेतली. १९९५ मध्ये एका बिटाची फिरवणी वाढवून सुधारित पद्धत आली. दोष काय होता, हे जगाला सांगण्यात आले नाही. तो १९९८ मध्ये फ्रान्सच्या शाबो आणि झू यांनी स्वतंत्रपणे शोधून काढला. फेब्रुवारी २००५ मध्ये वांग श्याओयुन, यिन आणि यू यांनी सुधारित एसएचए-१ वरील हल्ला जाहीर केला. ८० व्या घाताचे काम ६९ व्या घातावर आले. मग १२ वर्षांनी, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांच्या पथकाने एकच एसएचए-१ ठसा असलेले दोन वेगळे पीडीएफ दस्तऐवज प्रसिद्ध केले. त्यासाठी २ च्या ६३ व्या घाताएवढी, म्हणजे १९ आकडी संख्येइतकी गणिते करावी लागली. ती शक्य होती आणि ती झाली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग खर्चाचा आहे. २०१२ मध्ये जेसी वॉकर यांनी एसएचए-१ ची टक्कर विकत घ्यावयाची तर किती डॉलर लागतील, याचा अंदाज मांडला होता: २०१२ मध्ये २७ लाख ७० हजार, २०१५ मध्ये ७ लाख, २०१८ मध्ये १ लाख ७३ हजार आणि २०२१ मध्ये ४३ हजार. जानेवारी २०२० मध्ये ल्यूरां आणि पेरँ या संशोधकांनी याहून कठीण प्रकारची, म्हणजे दोन्ही मजकुरांचा आरंभ हल्लेखोराच्या मनाजोगता ठेवणारी टक्कर प्रत्यक्ष घडविली आणि अशा टकरीचा खर्च सुमारे ४५ हजार डॉलर असल्याचा अंदाज मांडला. ही रक्कम आपल्याकडील एखाद्या मध्यम बिल्डरास किंवा साखरसम्राटास जड जाण्यासारखी नाही. जमिनीच्या एका खोट्या कागदाने जेथे कोटींची उलाढाल होते, तेथे ४५ हजार डॉलर हा खर्च नव्हे, भांडवल आहे. हल्ल्याचा खर्च दरवर्षी घटतो आणि संरक्षणाचा निर्णय मात्र दरवर्षी पुढे ढकलला जातो. कारण उघड आहे. पद्धत बदलण्याचा खर्च आज, आणि निश्चितपणे, कंपनीच्या किंवा खात्याच्या अंदाजपत्रकात दिसतो. न बदलण्याचा खर्च उद्या, आणि दुसऱ्याच्या, अंगावर पडतो. तोटा दुसऱ्याच्या माथी मारता येत असेल तोवर नफेखोर सावध होत नाही, आणि आळशी नोकरशाहीही होत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेनेदेखील एसएचए-१ संपूर्णपणे काढून टाकण्याची मुदत ३१ डिसेंबर २०३० ठेवली आहे. मात्र नव्या डिजिटल स्वाक्षऱ्यांसाठी तिने ती कधीच नाकारली आहे. आपण त्यांच्याकडून दिरंगाई तेवढी उचलली.

परिशिष्टाच्या समर्थकांचे काही आक्षेप मात्र प्रामाणिकपणे तपासले पाहिजेत. पहिला आक्षेप असा, की टक्कर घडविणे वेगळे आणि दुसऱ्याने आधीच तयार केलेल्या दस्तऐवजाशी जुळणारा खोटा दस्तऐवज बनविणे वेगळे. हा आक्षेप खरा आहे. एमडी-५ च्या बाबतीतही दुसरी गोष्ट आजवर व्यवहारात कोणास साधलेली नाही. कोणा परक्याच्या जुन्या फाईलीचा ठसा कागदावर नोंदलेला असेल, तर त्या ठशाची दुसरी फाईल कोणालाही सहज बनविता येईल असे म्हणणे चूक आहे. तेव्हा एमडी-५ चा ठसा असलेला प्रत्येक जुना पुरावा कचऱ्यात टाका, अशी मागणी कोणी करू नये. ती विज्ञानाला धरून नाही आणि खऱ्या अपराध्यांच्या सोयीची आहे.

पण या आक्षेपाने परिशिष्ट वाचत नाही. टक्कर घडवू शकतो तो दोन्ही मजकूर स्वतः तयार करणारा. करारपत्र लिहिणारा, हिशेबाची वही ठेवणारा, ध्वनिफीत संपादित करणारा किंवा जप्त यंत्राची प्रत काढणारा असा माणूस एकाच ठशाच्या दोन आवृत्त्या आधीच बनवून एक दाखवू शकतो आणि दुसरी राखून ठेवू शकतो. न्यायालयातील प्रमाणपत्र कोणावर अंकुश ठेवण्यासाठी असते? परक्यावर नव्हे. पुरावा ज्याच्या ताब्यात आहे आणि जो तो सादर करतो, त्याच्यावरच. म्हणजे ज्या माणसावर हा शिक्का अंकुश ठेवणार, नेमक्या त्याच माणसाला एमडी-५ आणि एसएचए-१ चकविण्याची मुभा देतात. तेव्हा टक्कररोध हा येथे पुस्तकी गुण नसून प्रमाणपत्राचा प्राण आहे.

दुसरा आक्षेप असा, की आपल्या न्यायालयांत अशी टक्कर घडल्याचे उदाहरण कोठे आहे? उदाहरण घडल्यावर कायदा बदलावयाचा, हा पूर येऊन गेल्यावर बांध घालण्याचा न्याय झाला. शिवाय मोडक्या शिक्क्याचा लाभ केवळ बनावट पुरावा करणारासच होतो असे नाही. २००५ मध्ये सिडनी येथे वेगमर्यादा ओलांडल्याच्या एका खटल्यात, कॅमेऱ्याच्या छायाचित्राच्या रक्षणासाठी एमडी-५ वापरलेली असल्याने बचावपक्षाने तिच्या विश्वसनीयतेवर बोट ठेवले. छायाचित्रात फेरफार झालेला नाही असे सांगणारा तज्ज्ञ सरकारी यंत्रणेस उभा करता आला नाही आणि खटला निकालात निघाला. त्या छायाचित्रात फेरफार झाल्याचे कोणी सिद्ध केलेले नव्हते. तरीही शिक्का संशयास्पद असल्यामुळे सरकार हरले. उद्या बँक बुडविणाऱ्या एखाद्या धनिकाचा निष्णात वकील याच परिशिष्टाच्या आधारे हाच डाव खेळेल. गरीब आरोपीस मात्र असा वकील परवडणार नाही. मोडकी पद्धत दोन्ही बाजूंनी दुबळ्याचाच घात करते.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि साधनांचा. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात नवी साधने कोठून आणावयाची? हा आक्षेप टिकत नाही. एसएचए-२५६ चा ठसा काढण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही आणि परवानाशुल्कही लागत नाही. सामान्य संगणकावर ती सोय आधीच असते. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एसएचए-२५६ ची चौकट आहे, यावरून ती वापरणे शक्य आहे हे कायद्यानेच मान्य केले आहे. मग उरलेल्या दोन चौकटी कोणाच्या सोयीसाठी?

यातील विसंगती आणखी एका ठिकाणी उघडी पडते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ३ मध्ये डिजिटल स्वाक्षरीच्या संदर्भात हॅश फंक्शनची व्याख्या दिली आहे. तिचा आशय असा, की ठशावरून मूळ नोंद काढणे आणि दोन नोंदींचा ठसा एकच येणे, या दोन्ही गोष्टी गणनेच्या दृष्टीने असाध्य असल्या पाहिजेत. ही व्याख्या त्या कलमापुरती आहे, हे खरे. परंतु तिची कसोटी लावली तर एमडी-५ आणि एसएचए-१ या आता हॅश फंक्शन या संज्ञेसच पात्र राहत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचे सरकारी नियंत्रक एसएचए-२ या कुळाकडे केव्हाच वळले आहेत. म्हणजे २००० सालच्या संसदेने गुण पाहून व्याख्या केली आणि २०२३ सालच्या संसदेने नावे पाहून चौकटी छापल्या. याला प्रगती म्हणावयाचे काय?

या शिक्क्याकडून भलत्या अपेक्षा मात्र कोणी करू नयेत. ठसा घेतल्यानंतर मजकूर बदलला की नाही, एवढेच तो सांगतो. ठसा घेण्यापूर्वी काय घडले याविषयी तो मुका असतो. भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ मध्ये जप्त झालेल्या एका लॅपटॉपविषयी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये उजेडात आला. जप्तीपूर्वीच बाहेरून त्यात कागदपत्रे घुसविण्यात आली होती, असे त्यात म्हटले होते. तपासयंत्रणेने ते मान्य केलेले नाही आणि निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. पण तत्त्व स्पष्ट आहे. घुसविलेल्या कागदाचाही ठसा निर्दोष येतो. म्हणून चांगली पद्धत ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. ठसा केव्हा घेतला, कोणासमक्ष घेतला आणि त्याची प्रत आरोपीस त्याच वेळी दिली काय, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत.

मग एसएचए-२५६ तरी सुरक्षित आहे असे कोणी सिद्ध केले आहे काय? नाही. तशी सिद्धता कोणत्याही प्रचलित पद्धतीबाबत नाही. ती परीक्षेस उतरत आली आहे, एवढेच म्हणता येते. आणि येथेच परीक्षा ही सार्वजनिक जबाबदारी का असावयास हवी, याचे उत्तर मिळते. २००८ मध्ये कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेतील संशोधक सोमित्र सनाढ्य आणि पलाश सरकार यांनी एसएचए-२ कुळाच्या २४ पायऱ्यांपर्यंत टक्कर घडविली. २०१३ मध्ये अन्य संशोधक एसएचए-२५६ च्या २८ पायऱ्यांपर्यंत पोहोचले आणि २०२४ मध्ये ३१ पायऱ्यांची प्रत्यक्ष टक्कर प्रसिद्ध झाली. पायऱ्या ६४ आहेत. सोळा वर्षांत सात पायऱ्यांची प्रगती झाली आणि भिंत अजून निम्म्याहून अधिक उभी आहे. एसएचए-२५६ वर आज भरवसा ठेवावयाचा तो याच मोजमापाच्या आधारावर. कोणा कंपनीच्या शब्दावर किंवा सरकारी शिक्क्यावर नव्हे.

हे मोजमाप करणारे कोण आहेत, ते पाहावे. शानतुंगचे विद्यापीठ, अॅमस्टरडॅम आणि पॅरिसच्या सार्वजनिक संशोधन संस्था, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये उभारलेली कोलकात्याची संस्था. २०१७ च्या टकरीस गूगलची यंत्रशक्ती लाभली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या ज्ञानाने ती शक्य झाली, ते दोन दशके सार्वजनिक विद्यापीठांत वाढले. बाजार हे काम का करीत नाही? कारण परीक्षेचा लाभ सर्वांना मिळतो आणि तिचे बिल कोणा एकाला पाठविता येत नाही. रस्त्यावरील दिव्याप्रमाणे हे सार्वजनिक हिताचे साधन आहे, आणि ते बाजारावर सोडले तर अंधारच मिळतो.

ही परीक्षा उघडही असली पाहिजे. २००७ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने नव्या पद्धतीसाठी जागतिक स्पर्धा जाहीर केली. ६४ प्रवेशिका आल्या, त्यांतील ५१ पहिल्या फेरीत घेतल्या, मग १४ आणि मग ५ उरल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये युरोपीय संशोधकांची केचॅक ही पद्धत निवडली गेली. प्रत्येक पद्धत सर्वांसमक्ष ठेवली गेली आणि प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांच्या पद्धती उघडपणे फोडल्या. पुढे २०१३ मध्ये त्याच संस्थेने निवडलेल्या पद्धतीची सुरक्षामात्रा कमी करण्याचा घाट घातला, तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी जाहीर टीका केली आणि संस्थेस माघार घ्यावी लागली. १९९३ मध्ये गुप्त संस्थेने बंद दाराआड दिलेली पद्धत आणि ही उघड निवड, यांतील फरक लोकशाहीवाद्यांनी ध्यानात घ्यावा. लोकांना न दाखविलेली सुरक्षितता ही सुरक्षितता नसते. तो केवळ सत्ताधाऱ्यांचा शब्द असतो.

तेव्हा मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. साक्ष्य अधिनियमाच्या परिशिष्टातून एमडी-५ आणि एसएचए-१ या दोन चौकटी संसदेने काढून टाकाव्यात. चौकटीत नाव छापण्याऐवजी टक्कररोधाची कसोटी कायद्यात लिहावी आणि त्या कसोटीस उतरणाऱ्या पद्धतींची यादी दरवर्षी तपासून, कारणांसह, संसदेपुढे ठेवावी. जुन्या पद्धतीने ठसे घेतलेले पुरावे रद्द न करता, त्यांचे एसएचए-२५६ ठसे दोन्ही पक्षांसमक्ष पुन्हा घेऊन नोंदवावेत. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ झडती व जप्तीचे चित्रीकरण करावयास सांगते. मग जप्त यंत्राची प्रत काढताच तिचा ठसाही चित्रीकरणात यावा आणि आरोपीस लेखी मिळावा. आणि हे सर्व तपासत राहण्यासाठी सार्वजनिक संस्थांना कायमचा निधी मिळावा. त्यांचे निष्कर्ष, सरकारला गैरसोयीचे असले तरी, विनाअट प्रसिद्ध व्हावेत.

संसदेने हे करीपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आंदोलनातील कार्यकर्त्यांवर खटले भरले जातात, त्यांचे भ्रमणध्वनी जप्त होतात. त्या प्रत्येक प्रसंगी पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी ठसा मागावा, तो कोणत्या पद्धतीने घेतला हे विचारावे आणि एमडी-५ किंवा एसएचए-१ असेल तर सोबत एसएचए-२५६ चाही ठसा घेण्याचा आग्रह लेखी नोंदवावा. पक्षाच्या वकील-सहकाऱ्यांनी तालुक्या-तालुक्यात या एका प्रश्नावर शिबिरे घ्यावीत. हे शिकावयास एक दुपार पुरते. अंगठा उठविण्यापूर्वी कागद वाचून घ्या, असे शेतमजुरास सांगत कार्यकर्त्यांच्या पिढ्या गावोगाव हिंडल्या. आता कागद बदलला आहे, अंगठाही बदलला आहे. सांगावयाचे काम तेच आहे.